चंपाक्काचं ताक

"पांढरं तेवढंच? आणि पिवळं काय करू?" इस्माईलनं विचारलं.

"पिवळं मला इथंच परतून दे."

"आणि पांढरं या डब्यात? कच्चंच?" माझ्या हातातला स्टीलचा डबा घेऊन त्यानं उलटासुलटा करून बघितला. "मामा, तीस वर्षं अंड्याची गाडी लावतोय. असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच."

"घरात कुत्रं हाय," मी म्हणालो. "अशक्त झालंय. डॉक्टरनं सांगितलंय."

"मग पिवळं पण घाला की. कुत्र्याला काय कळतंय?"

"पिवळं चालत न्हाई त्याला."

तो हसला. तीन अंडी फोडून त्यानं पांढरं डब्यात सोडलं आणि पिवळं तव्यावर टाकलं. मी गाडीच्या मागं जाऊन भिंतीकडं तोंड करून ते खाल्लं. नेहमी तसंच खायचो. आम्ही जैन. आमच्या घरात कांदा-लसूण येत नाही, तिथं अंड्याचं नाव कोण काढणार? पण मी इचलकरंजीत मागावर जॉबर होतो. माग बिघडला की दुरुस्त करायचं काम. रात्रपाळी सुटली की सगळे कामगार इस्माईलच्या गाडीवर यायचे. त्यांच्याबरोबर मला सवय लागली, ती सुटली नाही. घरी कुणाला माहीत नाही असं मी धरून चाललो होतो.

घरात कुत्रं नव्हतं. घरात राजमती होती, माझी बायको.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा आणि ताक धरायचं. भाजी चिरून दोनदा उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं नाही, डाळ मोजून. बटाटा तर आमच्यात आधीच नाही. ती म्हणायची, "डॉक्टरांनीच सगळं सोडायला लावलंय. मी बस्तीत जाऊन आणि कसला त्याग बोलू?" बस्ती म्हणजे आमचं मंदिर. ती रोज जायची, पुढं पुढं भिंत धरत जायची.

त्या वर्षी जूनमध्ये डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून मान हलवली. रक्तातलं प्रोटीन अडीचवर आलं होतं. साडेतीनच्या वर पाहिजे.

"तीन अंड्यांतलं पांढरं रोज," त्या म्हणाल्या. "हे खाल्लं नाही तर अंग भरणार नाही. जखम भरणार नाही. मग डायलिसिससुद्धा सोसणार नाही."

राजमतीनं हात जोडले. "बाई, ते सोडून काय पण सांगा."

"दुसरं काय सांगू? दूध आणि डाळ जास्त चालत नाही. पावडर दिली तर तुमचं फॉस्फरस वाढलं. मावशी, जीव आधी की नाही?"

"कुणाचा?" राजमती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी औषधांचा कागद लिहून माझ्या हातात दिला. 

घरी येताना रिक्षात तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, एक सांगा. मला न सांगता काय घालणार न्हाई न्हवं?"

"खुळी हायस काय?" मी म्हणालो.

वचन मी दिलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तिच्या आलं की नाही, माहीत नाही.

महिन्याभरानं ती न्हाणीतून येताना पडली. मी उचलली तर हाताला वजनच लागलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. ती गेली तर घरात मी आणि चार भिंती. त्याच आठवड्यात मी डबा घेऊन इस्माईलकडं गेलो.

सकाळचा नाश्ता मीच करायचो. मूग आणि तांदळाच्या पिठाचं धिरडं. ती झोपलेली असताना पांढरं त्यात फेटायचं, हिंग आणि जिरं जरा जास्त घालायचं, डबा धुऊन पाण्याच्या टाकीमागं ठेवायचा. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोरच बसलो. तिनं धिरडं खाल्लं आणि बोटं चाटली.

"मऊ झालंय की! पिठात काय घातलं?"

माझ्या तोंडात आलं ते मी बोललो. "ताक. चंपाक्काचं."

चंपाक्का आमच्या शेजारची. सत्तरीची विधवा बाई. परड्यात एक म्हैस, तिच्यावर जीव. सकाळी बस्तीतून आल्याशिवाय रवीला हात लावायची नाही. गल्लीतल्या चार घरी तिचं ताक जायचं, पैसे घ्यायची नाही. राजमतीसाठी रोज अर्धी वाटी यायची, वर जिऱ्याची पूड भुरभुरलेली. ओट्यावरून हाक यायची, "राजमती, तुझ्या लिटरातलं अर्धी वाटी पाणी मी घेतलं गं!" आणि दोघी हसायच्या.

दोनचार दिवसांत राजमतीचं पोट बिघडायला लागलं. खाल्ल्यावर दोन तासांनी पोट नगाऱ्यासारखं टणक व्हायचं. ढेकर यायचे, कळ यायची. मग शौचाला पळापळ. चालता येत नव्हतं तिथं पळणार कुठली, दोनदा वाटेतच झालं. मी पुसत होतो आणि ती भिंतीकडं तोंड करून रडत होती. "माफ करा हो," म्हणत होती. मला.

मी इस्माईलला विचारलं, "कुत्र्याचं पोट बिघडतंय रे. अंडं बाधतं काय?"

"सवय नसलेल्या पोटात दगड बसल्यागत बसतं ते. एकदम तीन कशाला? एकाचं घाला. सोसलं तर दोन करा. आणि चांगलं शिजवून घाला, कच्चं ठेवू नका."

मी तसं केलं. एकाचं घातलं. धिरडं जाड ठेवायचं सोडून पातळ केलं, दोन्हीकडून कडक भाजलं. ओवा घातला. जेवणानंतर सुंठ चघळायला दिली. डायलिसिसच्या दिवशी धिरडं बंद. चार दिवस बरं गेलं, की मी दोन करायचो. पुन्हा पोट धरायची, की पुन्हा एक. असं खालीवर करत दीड महिना गेला.

राजमती म्हणाली, "आक्काचं ताक तर बाधत नसेल? धिरड्यात पण तेच, वाटीत पण तेच."

"बघू," मी म्हणालो.

मी थांबवलं का नाही, हे मला लोक विचारत नाहीत, कारण कुणाला माहीतच नाही. मी मात्र रोज विचारतो. ऑगस्टच्या शेवटी रिपोर्ट आला. तीन. अडीचाचं तीन झालं होतं. डॉक्टरबाईंनी चष्मा वर करून विचारलं, "काय बदल केलात?"

"हे धिरडं करतात," राजमती म्हणाली. लग्नात माहेरच्या लोकांना नवरा दाखवावा तसं तिनं माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी मी छाती काढून चाललो. म्हटलं, पोटाचं काय, पोट सवय करून घेईल.

मग दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस. आमच्यात या दिवसांत लोक उपास करतात, हिरवं खात नाहीत, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ देत नाहीत. राजमतीला उपास झेपणार नव्हता. ती बसूनच जप करायची. आणि मी त्या दहा दिवसांतही डबा घेऊन जात होतो. उलट तीन अंड्यांवर गेलो होतो, कारण पुढचा रिपोर्ट जवळ आला होता. साडेतीन दिसले की बंद करायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

सातव्या दिवशी इस्माईल म्हणाला, "कुत्रं कसं हाय, मामा?"

"पोट अजून बिघडतंय."

"मग बंद करा की! मुकं जनावर. त्याला सांगता येत न्हाई, आपणच बघायचं असतंय."

मी डबा घेतला आणि घरी आलो.

त्या संध्याकाळपासून राजमतीला जुलाब सुरू झाले. उलट्याही. सकाळपर्यंत तिचे डोळे आत गेले. चंपाक्का आणि मी रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. ब्लड प्रेशर इतकं खाली गेलं होतं की डायलिसिस लावता येईना. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "काल दिवसभरात काय काय खाल्लं?"

राजमतीला बोलवत नव्हतं. चंपाक्कानं सांगितलं, "सकाळी धिरडं, दुपारी भात. आणि माझ्याकडचं ताक."

"ताक कुठलं? घरचं? कुठल्या भांड्यात ठेवता? गोठ्याजवळ?"

"परड्यात म्हैस हाय. पण मी सोवळ्यात—"

"आजी, अशा पेशंटला असलं ताक देतात काय? यांचं शरीर काही सोसत नाही. मारून टाकाल त्यांना."

मग तो माझ्याकडं वळला. "आणखी काही वेगळं खाण्यात आलं होतं का? मला नीट सांगा, त्यावर औषध ठरवायचं आहे."

तो थांबला होता. हातात पेन होतं. राजमतीनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. चंपाक्का पदर तोंडाला लावून उभी होती.

"न्हाई," मी म्हणालो. "ताकच असंल."

बोललो एवढंच. तीन शब्द.

राजमती त्यातून वाचली. दोन दिवसांनी चतुर्दशीला घरी आणली. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नव्हते, म्हणून त्या दोन दिवसांत चंपाक्काच तिच्याजवळ होती. तिच्या उलट्या तिनंच काढल्या. मी बाहेर बाकावर बसून असायचो. डबा मी पहिल्याच दिवशी कालव्यात फेकून दिला. पुन्हा इस्माईलच्या गाडीकडं फिरकलो नाही.

गल्लीत मात्र बातमी आधीच पोचली होती. डॉक्टर काय बोलला ते चंपाक्कानं म्हशीची धार काढायला घरी आली तेव्हा स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं, लपवायचा तिचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या दिवसापासून चारही घरांनी ताक घ्यायचं बंद केलं. ताक ती म्हशीलाच पाजायची.

पर्व संपल्यावर क्षमावाणी असते. त्या दिवशी आमच्यातला प्रत्येक माणूस ओळखीच्या प्रत्येकापुढं हात जोडतो आणि म्हणतो, माझ्याकडून कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा. समोरचाही तेच म्हणतो. लहान मोठ्याला म्हणतो, मोठा लहानाला म्हणतो, सासू सुनेला म्हणते. वर्षभर न बोलणारे भाऊसुद्धा त्या दिवशी उंबरा ओलांडतात. बरेचसे पाठ केल्यासारखं म्हणून पुढच्या घरी जातात. मीही तसाच म्हणत आलो होतो.

सकाळी राजमती उशीला टेकून बसली होती. अंगावर पांढरी साडी. चंपाक्का आली. हातात वाटी नव्हती. ती राजमतीपुढं गेली आणि तिनं खाली वाकून थेट तिच्या पायाला हात लावला. मोठी बाई. राजमतीनं पाय मागं घेतले नाहीत.

"माझ्या ताकानं तुला मरणाच्या दारात नेलं," चंपाक्का म्हणाली. "माझ्याकडून चूक झाली. मला क्षमा कर."

राजमतीनं माझ्याकडं बघितलं.

चंपाक्का उठली आणि माझ्याकडं वळली. हात जोडून उभी राहिली. "भूपाल, तुझी पण क्षमा मागते. तुझ्या बायकोला मी त्रास दिला."

 बाहेर कुठल्या तरी घरी माग चालू होता, त्याचा खटखट आवाज येत होता. दोघी माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, बायका आहेत, घरचा पुरुष काय बोलतो ते ऐकायला थांबल्यात.

"असू दे आक्का," मी म्हणालो. "झालं गेलं. क्षमा हाय तुम्हाला."

चंपाक्का अजून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात खाली घेऊन गेली.

मी तिला क्षमा केली. हे लिहितानाही हात थांबतो.

दुपारी राजमतीनं मला जवळ बोलावलं. हात जोडले. हातावर सुया टोचून काळ्या गाठी झाल्या होत्या. "माझ्या आजारपणात तुमचं लई हाल झालं. माझ्याकडून काय चुकलं असंल तर क्षमा करा."

"माझ्याकडून पण कळत-नकळत मन दुखावलं असंल तर क्षमा कर," मी म्हणालो.

"आणखी काय?"

"आणखी काय असणार?"

ती मान हलवून पडून राहिली.

संध्याकाळी पाचला मी भात आणि उकडलेली दोडक्याची भाजी तिच्यापुढं ठेवली. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. एवढ्या आजारातही तिनं तो नेम मोडला नव्हता, एकदाही. तिनं ताट मांडीवर घेतलं आणि बसून राहिली.

"जेव की."

"जेवते."

मी समोर बसलो. साडेपाच झाले. भिंतीवरचं ऊन वर चढत गेलं. तिनं घास केला नाही.

"पोट दुखतंय काय?"

"न्हाई."

"मग?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी बसलो. सांगावंसं मला तेव्हा वाटलं. घशापर्यंत आलं होतं, हे खोटं नाही. पण सांगितलं तर ती माझ्या हातचं पुन्हा खाईल काय, हा विचार आला. मग वाटलं, जरा बरी होऊ दे, मग सांगू. मग ऊन भिंतीवरून गेलं. मग छपरावरून गेलं.

राजमतीनं खिडकीकडं बघितलं आणि ताट बाजूला सारलं. "राहिलं आता," म्हणाली.

त्या रात्री ती उपाशी झोपली.

पुढं ती माझ्या हातचं खात राहिली. मी करीन ते. काय घातलं, हे तिनं परत कधी विचारलं नाही. रिपोर्ट पुन्हा अडीचवर आला. पौष महिन्यात ती गेली. त्या साडेतीन महिन्यांत आम्ही कडू असं काही बोललो नाही. मी तिचे पाय चेपायचो, ती मला दिवसभरातलं काही बाही सांगायची. सांगायला शंभर दिवस होते माझ्याकडं.

ती गेल्यावरच्या पहिल्या क्षमावाणीला मी घराला कुलूप लावून कामावर गेलो. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी काम सुटलं होतं, जायला जागा नव्हती. मी चंपाक्काच्या दारात गेलो. म्हैस विकली होती. ती परड्यात एकटी तांदूळ निवडत बसली होती.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबा, धिरडं, इस्माईल, कुत्रं. दवाखान्यात डॉक्टरपुढं काय बोललो ते. खाली बघून सांगितलं. सांगून झालं तरी ती तांदूळच निवडत होती.

"आक्का, ऐकलं न्हवं?"

"ऐकलं की. त्यात नवं काय हाय?"

मला कळेना.

"दवाखान्यात नेलं त्याच दिवशी तिला उलटी झाली," चंपाक्का म्हणाली. "मी भांडं धरलं होतं. वास आला तशी ती थांबली. म्हणाली, आक्का, ह्यो वास मला ठाऊक हाय. लग्न झाल्यापासनं ह्यांच्या सदऱ्याला येतोय."

मी माझ्या सदऱ्याकडं बघितलं.

"तीस वर्षं ती तुझा सदरा धूत होती, भूपाल. तिला काय कळत नव्हतं? म्हणायची, बाहेर खातात, खाऊ द्यात. घरात आणत न्हाईत, माझा मान ठेवतात."

"मग ती मला बोलली का न्हाई?"

"मी म्हटलं तिला, विचार. ती म्हणाली, न्हाई, तीनचार दिवसांवर क्षमावाणी हाय. त्या दिवशी ते आपल्या तोंडानं सांगतील. मी विचारून काढलं तर ती क्षमा कसली?" चंपाक्कानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला वाटलं, तुझं तोंड उघडायला अवघड जाईल. म्हणून मी म्हटलं, आधी मी मागते. माझी चूक नसताना मी मागितली, की भूपालला राहवणार न्हाई. उठून म्हणंल, आक्का, तुम्ही नका, मी."

 पुढचं मला माहीत होतं.

मी तिच्या पायाशी बसलो. हात जोडले. तोंडून ते नेहमीचं वाक्य निघेना. कळत-नकळत म्हणायची सोय नव्हती. "मी जाणून केलं, आक्का," एवढंच म्हणालो.

तिनं माझ्या डोक्याला हात लावला. "माझ्या वाटची क्षमा हाय तुला. ती मी त्याच दिवशी केली होती." मग म्हणाली, "तिच्या वाटची माझ्याकडं न्हाई. तिनं ठेवायला दिली न्हाई."

मी तिथंच बसून राहिलो. ती सूप घेऊन आत गेली. बऱ्याच वेळानं आतून ताटलीचा आवाज आला.

"भात केलाय," चंपाक्का म्हणाली. "आत ये. दिवस हाय अजून."